बाईंचा अनुस्वार

कुडाळला माझे संगणक विक्रीचे आणि दुरुस्तीचे दुकान आहे. या धंद्यात मॉनिटर निवडून देणे हे सर्वांत सोपे काम, असे मी बरीच वर्षे समजत होतो. गिऱ्हाईक किती पैसे खर्च करणार आहे हे विचारायचे, तेवढ्यात बसणारा सर्वांत मोठा पडदा दाखवायचा, आणि वयस्कर माणूस असेल तर ‘अक्षर मोठे दिसेल’ एवढे एक वाक्य पुढे जोडायचे. गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात वेंगुर्ल्याला ज्या बाईंनी माझी ही समजूत मोडली, त्यांनीच मला आठवी ते दहावी मराठी शिकवले होते.

बाई निवृत्त झाल्यापासून घरबसल्या मुद्रितशोधनाची कामे करतात. त्यांच्याकडे विंडोजचा जुना संगणक आणि साडेएकवीस इंची फुल एचडी मॉनिटर होता. तो संगणक अखेर बंद पडला, तेव्हा पुण्याच्या मुलाने त्यांना ॲपलचा एम४ चिपचा मॅक मिनी हा छोटा संगणक पाठवला. जेमतेम पाच इंच लांबीरुंदीचा, दोन इंच उंचीचा तो डबा बघून बाईंनी मला फोनवर पहिला प्रश्न विचारला होता, “अरे, याचा पडदा पाठवायला विसरला की काय तो?” त्यात विसरण्यासारखे काही नव्हते. मॅक मिनी २००५ साली पहिल्यांदा बाजारात आला तेव्हापासून तो पडदा, कीबोर्ड आणि माऊस यांच्याशिवायच विकला जातो. मी ताबडतोब सत्तावीस इंची फुल एचडी मॉनिटर नेऊन बसवला, वर नेहमीचे वाक्य ऐकवले आणि परत आलो.

तीन आठवड्यांनी फोन आला. “तू दिलेला पडदा घेऊन जा,” एवढेच त्या म्हणाल्या. आवाज वर्गातला होता, त्यामुळे मी काही न विचारता दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. मात्र निघताना गाडीत दुकानातला सत्तावीस इंची फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा, मॉनिटर टाकला. एका हॉटेलवाल्याने मागवून नंतर नको म्हटल्यामुळे तो माझ्याकडे पडून होता.

बाईंनी माझ्यासमोर दशावतारावरच्या एका पुस्तिकेची कागदावर काढलेली प्रत ठेवली. ‘नाटकाच्या आरंभी होणारी नांदी’ असे जिथे हवे होते, तिथे ‘नाटकाच्या आरंभी होणारी नादी’ असे छापलेले होते. ही चूक त्यांच्या नजरेतून पडद्यावर दोनदा सुटली होती आणि कागदावर पहिल्याच वाचनात सापडली होती. “मी चाळीस वर्षे वह्या तपासल्या,” त्या म्हणाल्या, “माझे डोळे गेले असे तुला वाटत असेल तर तसे सांग.” मोतिबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांना उलट पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसत होते. म्हणजे दोष दुसरीकडेच होता, आणि तो मीच विकलेला होता.

आता हे मोजमापाने सांगतो, कारण त्या दिवशी मला ते बाईंच्या टेबलावर कागद-पेन्सिल घेऊन मांडावे लागले. फुल एचडी पडदा कितीही मोठा घेतला तरी त्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० एवढेच ठिपके असतात. जुन्या साडेएकवीस इंची मॉनिटरवर एक ठिपका साधारण पाव मिलिमीटरचा होता, तर सत्तावीस इंचीवर तोच ०.३१ मिलिमीटरचा झाला. अक्षर मोठे झाले हे खरे, परंतु ते तेवढ्याच ठिपक्यांतून, म्हणजे अधिक जाड विटांनी बांधलेले होते. रोमन लिपीचे यात फारसे बिघडत नाही. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर अनुस्वार, रफार आणि वेलांटी, तर खाली उकार आणि जोडाक्षराचा उरलेला भाग, अशी एका अक्षराच्या उंचीत तीन मजल्यांची गर्दी असते. त्यात अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम दोन ठिपके येतात आणि तेही शेजारच्या मात्रेला चिकटतात.

याच्या जोडीला मॅकची स्वतःची एक सवय आहे. विंडोजमध्ये अक्षराच्या कडा नितळ दिसाव्यात म्हणून प्रत्येक ठिपक्यातल्या लाल, हिरव्या आणि निळ्या पट्ट्या वेगवेगळ्या उजळवण्याची युक्ती वापरतात. ॲपलने ती युक्ती मॅकच्या कार्यप्रणालीच्या २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून बाजूला ठेवली. त्यांचे स्वतःचे बहुतेक पडदे तोवर इतके दाट ठिपक्यांचे झाले होते की तिची फारशी गरज उरली नव्हती. परिणामी विरळ ठिपक्यांच्या पडद्यावर मॅकचे अक्षर थोडे फुगलेले आणि धुरकट दिसते. जुन्या, छोट्या मॉनिटरवर बाईंना चुका सापडत आणि नव्या, मोठ्या मॉनिटरवर सुटत, याचे कारण हेच होते. मला हे दोन्ही मुद्दे सुटेसुटे ठाऊक होते. ते एकत्र आले की एका माणसाचे काम बुडते, एवढाच हिशेब मी कधी केला नव्हता.

मी फोर-के मॉनिटर खोलीत आणला आणि पुढचा अर्धा तास स्वतःची शोभा करून घेतली. हाताशी सोयीचे म्हणून मॉनिटरची यूएसबी-सी केबल मिनीच्या पुढच्या तोंडात लावली, आणि पडदा काळाच राहिला. केबल खराब असेल असे ठरवून मी पिशवीतली एचडीएमआय केबल काढली, तेव्हा चित्र आले. मात्र पान सरकवले की ओळी अडखळत वर जात. बाई म्हणाल्या, “ही ओळ उड्या का मारते रे?” तपासले तर पडदा सेकंदाला साठऐवजी तीसच वेळा बदलत होता. मॉनिटरच्या मेनूत एचडीएमआयची जोडणी १.४ या जुन्या प्रकारावर ठेवलेली होती, आणि त्या प्रकारात फोर-के चित्र तीसच्या वर जात नाही. मग डोक्यात प्रकाश पडला की एम४ मिनीची पुढची दोन तोंडे चित्र वाहूनच नेत नाहीत, ती केवळ इतर उपकरणांसाठी आहेत. तीच पहिली केबल मागच्या, चित्र वाहून नेणाऱ्या थंडरबोल्टच्या तोंडात घातली आणि सारे सुरळीत झाले. निर्दोष केबलवर आळ घेतल्याबद्दल मी मनातल्या मनात तिची माफी मागितली.

नंतरचा भाग मात्र मी जपून केला. सत्तावीस इंची फोर-के पडदा जोडला की मॅक सगळे काही १,९२० बाय १,०८० च्या मापानेच मांडतो, पण प्रत्येक ठिपक्याच्या जागी चार ठिपके वापरतो. तरुण गिऱ्हाइके लगेच कुरकुरतात की अक्षरे फार मोठी झाली, आणि २,५६० बाय १,४४० चे माप निवडतात. तसे केले की मॅक आधी ५,१२० बाय २,८८० चे चित्र तयार करतो आणि मग ते आवळून पडद्यावर बसवतो, त्यामुळे कडांचा किंचित नेमकेपणा जातो. बाईंना हवे होते ते नेमके उलट, म्हणजे आकार आधीच्या पडद्याएवढाच आणि बांधणी चौपट दाट. म्हणून मी त्या मापाला हातच लावला नाही.

परीक्षा बाईंनीच घेतली. दोन्ही पडदे शेजारी ठेवून आळीपाळीने जोडायला लावले आणि स्वतः टंकलेले एक पान उघडले. त्यात ‘कनिष्ठ’ आणि ‘कनिष्ट’, ‘घर’ आणि ‘धर’, ‘भार’ आणि ‘मार’ अशा जोड्या होत्या. अधूनमधून अनुस्वार मुद्दाम गाळलेले होते. पहिल्या पडद्यावर ‘ष्ठ’ आणि ‘ष्ट’ यांच्यापाशी त्या पुढे वाकल्या, दुसऱ्यावर वाकल्या नाहीत. मी उत्साहाने रंगांची अचूकता, बाजूने पाहिल्यावरची स्पष्टता वगैरे सांगू लागलो, तेव्हा चिडल्या की तोंडात येणाऱ्या मालवणीत त्यांनी मला थांबवले, “माका वाचूक होया, चित्रा बघूक नको.”

मुलाने त्यांच्यासाठी ॲपलचाच पाच-के पडदा सुचवला होता, त्याचाही विचार झाला. त्यात इंचाला २१८ ठिपके असतात, तर आमच्या फोर-केत १६३. अक्षर त्यावर आणखी रेखीव दिसते हे मी कबूल केले. पण तो भारतात आला तेव्हा १,५९,९०० रुपयांना होता, म्हणजे ज्या मिनीला जोडायचा त्याच्या अडीचपटीहून महाग. शिवाय बाईंच्या टेबलासमोरची खिडकी पश्चिमेला बंदराकडे उघडते, आणि चारनंतर पाण्यावरून येणाऱ्या तिरिपीत त्याच्या साध्या चकचकीत काचेवर त्यांना ओळींऐवजी खिडकीचे गजच दिसले असते. आमच्या पडद्याचा पृष्ठभाग बिनचकाकीचा होता.

या फोर-के मॉनिटरच्या किमतीत यूएसबी-सीवरून लॅपटॉप चार्ज करण्याच्या सोयीचे पैसे धरलेले होते आणि मिनीला त्या सोयीचा काडीचा उपयोग नाही, तो स्वतःच्या वायरवरच चालतो. तरीही मी तोच ठेवला, कारण मिनीला जुन्या चौकोनी यूएसबीचे एकही तोंड नाही, आणि बाईंचा कीबोर्ड व माऊस दोन्ही तसलेच. मॉनिटरच्या पाठीमागे ती तोंडे होती. एकाच केबलने चित्रही आले आणि कीबोर्डही चालू झाला.

निघता निघता एक गोष्ट लक्षात आली. बाई पडद्याकडे हनुवटी वर करून बघत होत्या. त्यांचा चष्मा दुहेरी भिंगाचा, वाचनाचे भिंग खालच्या अर्ध्यात, आणि मी जागा वाचवायला मिनी स्टँडखाली सरकवून पडदा आणखी दोन इंच उंच करून ठेवलेला. मिनी बाजूला काढला, स्टँड तळापर्यंत उतरवला आणि पडदा किंचित मागे कलता केला. मान सरळ झाली. या एका बदलासाठी पैसे लागले नाहीत, आणि मला वाटते त्या दिवसातले सर्वांत उपयोगी काम तेच होते.

जुना मॉनिटर मी परत घेतला. तो आता मालवणच्या एका लॉजमध्ये कॅमेऱ्यांची चित्रे दाखवतो आणि तिथे कोणाचीच तक्रार नाही.

संध्याकाळी दुकानातून मी बाईंना फरकाच्या रकमेची पावती ईमेलने पाठवली. दहा मिनिटांत फोन वाजला. पैसे पाठवल्याचे सांगून त्या म्हणाल्या, “पावतीच्या डोक्यावर ‘संगणक विक्री व दुरूस्ती’ छापले आहेस. रु ऱ्हस्व. दुकानाच्या पाटीवरही तसेच आहे का?”

मी बाहेर जाऊन वर पाहिले. तसेच होते, अकरा वर्षे. रंगाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला की आता पाऊस तोंडावर आहे, गणपतीनंतर बघू.