खाकी कव्हरातले राक्षस

जून उजाडला की आमच्याकडे खाकी कागदाचा रोल येतो. लेकीच्या वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायची, लेबलं चिकटवायची, टेपचं टोक सापडत नाही म्हणून घरातल्या प्रत्येकावर एकेकदा खेकसायचं, हे सगळं एका दुपारात उरकायचं असतं. यंदा रोल उरला. लेबलंही उरली. लेक केव्हाच पळाली होती आणि मी कात्री हातात घेऊन जमिनीवर फतकल मारून बसलेली, समोर उघडं कपाट, कपाटात मी गेल्या वर्षभरात घेतलेली फँटसीची पुस्तकं, सगळी 2024 ची, नवी कोरी. मग काय, घातली की सगळ्यांना कव्हरं.

यात पुस्तकाच्या काळजीचा वगैरे भाग नाही हां. फँटसीची मुखपृष्ठं चारचौघांत न्यायच्या लायकीची नसतात एवढंच. तलवार, कवटी, ज्वाळा, नाहीतर पाठमोरी बाई आणि तिचा वाऱ्यावर उडणारा झगा. असलं पुस्तक बसमध्ये उघडलं की शेजारची बाई आधी पुस्तकाकडे बघते, मग माझ्या पिकलेल्या केसांकडे, आणि मग खिडकीबाहेर. खाकी कव्हर असलं की वाटतं, बाईंचा खात्याच्या परीक्षेचा अभ्यास चाललाय. डब्याच्या सुट्टीत साहेबसुद्धा दोन वाक्यं कमी बोलतात.

लेबलावर नाव, इयत्ता, तुकडी, विषय. नाव लिहिलं. इयत्ता आणि तुकडी सोडून दिली. विषयाशी मात्र अडकले, कारण 'फँटसी' असं सगळ्यांवरच लिहायचं तर मग लेबल कशाला?

पहिलं हाताला आलं टी. किंगफिशरचं 'अ सॉर्सरेस कम्स टू कॉल'. त्यावर मी लिहिलं, 'गुडघा'. ज्यांनी वाचलंय ते हसतील. बाकीच्यांसाठी सांगते, त्यात हेस्टर नावाची बाई आहे, वय 51, गुडघा दुखरा, लग्न केलेलं नाही, भावाच्या मोठ्या घरात आपलं आपलं सुखाने चाललंय, आणि एक दिवस भावाला गटवायला एक देखणी बाई मुलीला घेऊन दारात उभी राहते. ही बाई चेटकीण. ग्रिम बंधूंच्या परीकथांतल्या हंस राखणाऱ्या मुलीच्या गोष्टीवरून घेतलंय सगळं, त्यातला घोडाही आहे, फक्त त्याच्यावर विश्वास टाकू नका. पण मला आवडली ती हेस्टर. मी लहानपणापासून या प्रकारातलं जे हाताला लागेल ते वाचत आलेय आणि त्यात जगाला वाचवायचं काम कायम सोळा-सतरा वर्षांच्या पोरांकडे. जिना उतरताना कठडा धरावा लागतो अशी बाई चेटकिणीशी लढायला निघाली, तर मी पुस्तकाच्या किमतीबद्दल नवऱ्याशी वाद घालायला तयार आहे.

या पुस्तकातली भीती वेगळीच आहे. ती आई आपल्या मुलीचं अंग बाहेरून चालवू शकते, म्हणजे मुलीचे हात-पाय, बोलणं, हसणं सगळं आईच्या ताब्यात आणि मुलगी आत बसून नुसती बघतेय. त्याहून मला जास्त लागली ती एक बारीक गोष्ट, त्या घरात कुठलंही दार लावायची परवानगी नाही. बास. एवढ्यावर माझा घसा कोरडा पडला.

खरं तर दार न लावणं यात आपल्याला नवीन ते काय? आजीच्या वाड्यात, नारायण पेठेत, दारं दिवसभर सताड उघडी, आणि चुकून कोणी लोटलंच तर समोरच्या खोलीतून हाक, "काय गं, बरं नाही का?" एकटं बसायची जागा एकच, जिन्याची मधली पायरी. दुपारी सगळे आडवे झाले की मी तिथे चांदोबा घेऊन बसायची. रद्दीच्या दुकानातून आणलेले जुने अंक, मधली पानं निसटलेली, कुणीतरी शब्दकोडं सोडवायला घेऊन अर्धवट टाकलेलं. आधी विक्रम-वेताळ, मग बाकी सगळं. शंकर यांचं ते चित्र, राजा, उपसलेली तलवार आणि खांद्यावर लोंबणारं प्रेत. बाकीची पोरं वेताळाला घाबरायची. माझं लक्ष राजाच्या खांद्याकडे. एवढं वजन घेऊन अंधारात चालायचं, वर त्याने घातलेली कोडी सोडवायची, सोडवलं की प्रेत परत झाडावर, आणि पुढच्या महिन्यात हा आपला पुन्हा झाडापाशी हजर. तक्रार नाही काही नाही. मला तेव्हा वाटायचं याला कोणीतरी निदान पाणी तरी विचारावं.

त्याच जिन्याखालच्या भिंतीवर पुराची खूण होती. माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, एक मळकट आडवी रेघ. आजी ती पुसू द्यायची नाही आणि तिच्याबद्दल बोलायचीही नाही. तिचा नियम मात्र होता, खालच्या फळीवर कागद ठेवायचा नाही. डबे ठेवा, पाटा ठेवा, चपला ठेवा, पुस्तक नाही, पत्रिका नाही, रेशनकार्ड नाही. मी आता चौथ्या मजल्यावर राहते आणि माझ्या कपाटाची खालची फळी रिकामी असते. नवरा म्हणतो तिथे तुझी ती जाडजूड पुस्तकं मावतील. मावतील, पण ठेवणार नाही. चौथ्या मजल्यापर्यंत पाणी आलं तर पुण्यात पुस्तकं वाचायला कोण उरणार, हा त्याचा मुद्दा बरोबर आहे. तरी नाही.

असो. 'राक्षस' असं लेबल गेलं जॉन विझवेलच्या 'समवन यू कॅन बिल्ड अ नेस्ट इन'ला. याला विज्ञानकथा-फँटसीसाठीचं नेब्युला पारितोषिकही मिळालं. यात नायिकाच राक्षस, नाव शेशेशेन. तिला स्वतःचा असा आकार नाही, जे मिळेल त्यातून ती अंग जुळवते. कण्याला लोखंडी साखळी, हातापायांना उसनी हाडं, आणि एक जादा तोंड म्हणून चक्क अस्वल पकडायचा सापळा! मला तर तिची रोजची तयारी वाचतानाच मजा यायची, घराबाहेर पडायचंय तर आज कुठलं हाड कुठे, कोपर नीट वळतंय का, चेहरा माणसासारखा दिसतोय ना, बाईमाणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. ती माणसांतल्या एका मुलीच्या प्रेमात पडते. अडचण अशी की हिच्या जातीत प्रेमाची रीत म्हणजे जोडीदाराच्या पोटात अंडी घालायची आणि पिल्लांनी त्यालाच खात खात मोठं व्हायचं, आणि दुसरी अडचण अशी की त्या मुलीचं घराणं हिलाच मारायला निघालंय. मुलीच्या माहेरच्यांना भेटल्यावर राक्षस कोण हा प्रश्नच राहत नाही. मधे मधे ते जरा जास्तच समजूतदार होतं, समुपदेशनाला बसल्यासारखी बोलतात दोघी, पण सापळ्याचं तोंड लावून फिरणाऱ्या बाईला मी तेवढं माफ केलं.

लेव्ह ग्रॉसमनच्या 'द ब्राइट स्वोर्ड'वर 'तलवार' लिहिणार होते, लिहिलं 'उरलेले'. जुलैत आलं हे, चांगलं जाड आहे. स्कॉटलंडच्या मल बेटावरचा कॉलम नावाचा एक पोरगा, चोरलेलं चिलखत घालून, ब्रिटनच्या दंतकथांतल्या राजा आर्थरच्या दरबारात सरदार व्हायला त्याच्या राजधानीत, कॅमेलॉटला पोचतो, तर राजा दोन आठवड्यांपूर्वीच युद्धात मेलेला. लान्सलॉट वगैरे नावाजलेली मंडळी मेली नाहीतर पांगली. गोलमेजाभोवती उरलेत कोण, तर एक हात असलेला बेडिव्हर, बगदादहून आलेला पॅलोमिडीस, राजाचा विदूषक डॅगोनेट. लग्न पार पडल्यावर मांडवात जी माणसं मागे राहतात ना, सतरंज्या झटकणारी, भांडी मोजणारी, कुणाची तरी हरवलेली चप्पल शोधणारी, तसली ही मंडळी, आणि यांनी आता राज्य सांभाळायचं. यातल्या एकेकाची मागची गोष्ट मधे मधे येते, तेव्हा मूळ गोष्ट अडते, आणि ती अडावी असंच मला वाटत राहिलं. पॅलोमिडीसचं प्रकरण तर मी रात्री जागून पुन्हा वाचलं. शिकलेला, श्रीमंत घरचा माणूस, आणि या चिखलातल्या लोकांत हा परका आणि रानटी!

मग 'द स्पेलशॉप'. ग्रंथालयाला आग लागते, ग्रंथपाल बाई मंत्रांची पुस्तकं घेऊन आणि एक बोलणारं कुंडीतलं झाड घेऊन बेटावर जाते आणि तिथे जॅम विकते. गोड आहे. फारच गोड आहे. झाड तेवढं झकास. लेकीने पळवलंय, तिच्याकडेच राहू दे.

ब्रँडन सँडरसनच्या 'विंड अँड ट्रुथ'ला कव्हर घालायला कागदच पुरला नाही. तेराशेच्या वर पानं, गोष्ट फक्त दहा दिवसांची, आणि आधीचे चार भाग वाचलेले असले तरच कळणार. मी वाचलेत आणि हेही वाचतेय, पोटावर ठेवून वाचता येत नाही, कुशीवर वळून वाचावं लागतं, मग झोप लागते. आवडत्यांत धरायचं का ते संपल्यावर बघू.

शेवटी राहिलं रॉबर्ट जॅक्सन बेनेटचं 'द टेंटेड कप', आणि खरं सांगायचं तर बाकीची सगळी एका पारड्यात. विषय, 'भिंत'.

एक साम्राज्य आहे. दर पावसाळ्यात समुद्रातून डोंगराएवढे प्राणी किनाऱ्याकडे येतात, त्यांना अडवायला समुद्राच्या कडेने भिंती. त्यांच्या आत पुन्हा भिंतीचं कडं, त्याच्या आत आणखी, आणि जो जितका आत राहतो तितका तो सुरक्षित. आणि महाग. कुणा शूर राजपुत्राच्या जिवावर नाही चाललेलं हे. इंजिनियर आहेत, लष्कर आहे, औषधीवाले आहेत, न्यायखातं आहे, सगळी खाती, बढत्या, बिल्ले, कागद, सह्या. जादू म्हणाल तर ती झाडापाल्याची. श्रीमंतांच्या घरात भिंतीला एक जातीचं अळंबं लावलेलं असतं, ते गरम हवा आत ओढून गार करून सोडतं, म्हणजे एसीच, फक्त जिवंत. मला ते वाचून आधी हेच वाटलं की याचं सर्व्हिसिंग कोण करत असेल. तर अशा एका गार घरात सुरुवातीलाच एक बडा इंजिनियर मेलेला सापडतो, आणि मेलाय कसा, तर त्याच्या अंगातून झाड उगवलंय, उभंच्या उभं, छपरापर्यंत.

तपास करायला आलेला पोरगा दिन (हो, असंच नाव आहे, मला दीनानाथच वाटत राहिला) याच्या डोक्यात काहीही बघितलेलं जसंच्या तसं राहतं, त्यासाठी तो वासाच्या कुप्या बाळगतो, बघताना एक वास घ्यायचा आणि आठवताना पुन्हा तोच. पण लिहिलेलं वाचताना त्याची अक्षरं हलतात, ते तो लपवून आहे. आणि त्याची वरिष्ठ ॲना. डोळ्यांवर पट्टी बांधून घरातच बसते, पुस्तकंसुद्धा छापलेल्या अक्षरांवरून बोटं फिरवून वाचते, तोंडाची शिवराळ, खाण्याची हौशी, गुन्ह्याच्या जागी पाऊलही टाकायला नको आणि तरी सगळं तिला कळलेलं. अशा बाईच्या हाताखाली मी बिनपगारी राहीन.

मग आणखी इंजिनियर तसेच मरतात, भिंतीवर काम करता करता, आणि भिंतीला भगदाड पडतं. ऐन पावसाळ्यात. इथे मी पुस्तक मिटलं होतं. पुढे काय होतं ते मी सांगणार नाही, पण मला माझंच काहीतरी दिसायला लागलं म्हणून मिटलं.

12 जुलै 1961. पानशेत. पुण्यातल्या माणसाला पुढचं सांगायला लागत नाही. धरण पुरतं बांधून व्हायच्या आतच पाणी अडवलेलं, पाऊस थांबेना, आदल्या रात्री लष्कराचे जवान भर पावसात वाळूच्या गोण्या रचत राहिले. धरण फुटलं ते सकाळी. त्या पाण्याने खालचं खडकवासलाही गेलं आणि भर दिवसा पुण्यात पेठांमध्ये पाणी शिरलं. रात्री शिरलं असतं तर झोपेतच गेले असते सगळे. रेघेबद्दल न बोलणारी आजी एवढं एकच बोलायची, तेही वर्षातून एखाद्या वेळी, भाजी निवडताना, मान वर न करता. "त्या पोरांनी रात्र काढून दिली." पोरं कोण, कुठली, तिला एकाचंही नाव माहीत नव्हतं. मलाही नाही, आणि मी इंटरनेटवर तासन् तास एका काल्पनिक साम्राज्याच्या भिंतीचे नकाशे बघत बसते.

पुढे चौकशी आयोग बसला. एक नव्हे, दोन. बेनेटच्या पुस्तकात निदान शेवटच्या पन्नास पानांत ॲना सगळ्यांना एका खोलीत बसवून कोणी काय केलं ते तोंडावर सांगते.

त्याचा दुसरा भाग एप्रिल 2025 मध्ये आलाय. घेणार आहे, पण गणपती होऊन जाऊ देत. पावसाळ्यात नको.