मीटिंगचा तास कुणाच्या खात्यात?

मायक्रोफायनान्स, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या संस्थांचं ऑडिट करते, त्यामुळे एक आकडा सतत डोळ्यांसमोर असतो: वर्षभराचा कामकाजाचा खर्च भागिले सरासरी येणे (अजून वसूल व्हायचं) कर्ज. हा खाली आला की संचालक मंडळ खूश. मी नसते. लहान कर्ज असो की त्याच्या दहापट, केवायसी, घरभेट, वाटप आणि वसुली तेवढीच. खर्च काही दहापट होत नाही. म्हणजे मोठी कर्जं देणारी संस्था आपोआप काटकसरी ठरते आणि अगदी गरिबाला कर्ज देणारी उधळी. म्हणून मी आधी दर कर्जदारामागचा खर्च काढते. बरेचदा क्रमवारीच उलटते.

गटकर्जाची (कर्ज एकीचं, हमी सगळ्या गटाची) सगळी प्रतिष्ठा या खर्चावरच उभी आहे. बांगलादेशच्या ग्रामीण बँकेने (ती 1983 मध्ये रीतसर बँक झाली) पाच-पाच जणांचे गट आणि त्यांची केंद्रं ही पद्धत रुळवली. एका बैठकीत कितीतरी हप्ते जमतात, फील्ड ऑफिसरला दारोदार फिरावं लागत नाही, कोण फेडेल हे शेजारणीच सांगतात.

पण बैठकीला बसून बघा. एकीचा हप्ता कमी पडलाय. रजिस्टर उघडंच, ऑफिसर मोबाइल बघतोय, पैसे पूर्ण होईपर्यंत कुणी उठायचं नाही. दोघी उसने आणायला बाहेर गेल्यात, बाकीच्यांची कामं खोळंबलीत. छाननी आणि तगादा ही ऑफिसरची कामं इथे बायका बिनपगारी करतात, आणि त्या तासाची नोंद कुठल्याच खात्यात होत नाही.

एवढा जाच लागतो का? डीन कार्लन आणि झेवियर जिने या अर्थतज्ज्ञांनी फिलिपिन्समध्ये बैठका तशाच ठेवून फक्त सामूहिक हमी काढली. तीन वर्षांनीही थकबाकी वाढलेली दिसली नाही. कोलकात्यात एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे यांनी नव्या कर्जदारांचे साप्ताहिक हप्ते मासिक करून पाहिले, तिथेही पहिल्या कर्जात फरक पडला नाही. मात्र पुढे असंही दिसलं की आठवड्याला भेटणाऱ्यांची आपसांत ओळख वाढली आणि दुसऱ्या कर्जात त्यांची थकबाकी कमी राहिली. त्यामुळे बैठका सरसकट बंद करा, असं मी म्हणणार नाही.

वैयक्तिक कर्जाचंही सोपं नाही. धंद्याची आवक-जावक वाचणारा ऑफिसर महाग पडतो आणि कमी खाती सांभाळतो. मग व्यवस्थापन खाती वाढवतं, या वर्षीचा खर्च छान दिसतो आणि पुढच्या वर्षी बुडणाऱ्या कर्जांसाठीच्या तरतुदी वाढतात. हे मी इतक्यांदा पाहिलंय की दर ऑफिसरमागची खाती अचानक वाढलेली दिसली, की आधी 30 दिवसांवरची थकबाकी मागते.

हल्ली बैठकीच्या रजिस्टरात सुरू आणि संपल्याची वेळ लिहायला लावते. शाखांना हा रकाना मुळीच आवडत नाही. एका शाखेच्या रजिस्टरानुसार तिथली प्रत्येक बैठक बरोबर 45 मिनिटांत संपते.