तुम्ही विचारलंत म्हणून: पुस्तक वाचलं की पैसे द्यायचे का?

पालकसभा संपली की दारापाशी दोघंतिघं तरी थांबतातच आणि प्रश्न ठरलेला असतो, मॅडम, पोरगं पुस्तकाला हात लावत नाही, एका पुस्तकाला 20 रुपये देतो म्हटलं तर वाचेल का. गेल्या महिन्यात एका वडिलांनी अगदी असंच विचारलं, मी घाईत होते, नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

वाचेल हो, सुरुवातीला नक्की वाचेल. मी स्वतः करून बघितलंय. 15 ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलामांच्या जयंतीला, आपल्याकडे शाळांत वाचन प्रेरणा दिन असतो, 2015 पासून चालू आहे. एका वर्षी त्या दिवशी मी चौथीच्या वर्गात भिंतीवर तक्ता लावला, प्रत्येकाच्या नावापुढे रकाना, एक पुस्तक वाचलं की एक चांदणी, दहा चांदण्या झाल्या की कंपासपेटी. महिन्याभरात तक्ता नुसता चमकायला लागला आणि मला इतका आनंद झाला की येईल त्याला दाखवत होते.

मग हळूहळू लक्षात यायला लागलं. मुलं पुस्तक उचलल्यावर नाव वाचायच्या आधी शेवटचं पान उघडून किती पानं आहेत ते बघायची. पहिलीसाठी ठेवलेली आठ-आठ पानांची चित्रांची पुस्तकं चौथीतली पोरं संपवत होती आणि खालच्या फळीवरच्या जाड पुस्तकांना कोणी विचारत नव्हतं.

आणि एक मुलगा होता, त्याने सापांवरचं एक जाडजूड पुस्तक घेतलं होतं. तीन आठवडे तेच. मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून माझ्याकडे यायचा, मॅडम, मण्यार आणि कवड्या सारखेच दिसतात पण मण्यारचे पट्टे मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक असतात, कवड्याचं उलटं असतं, कवड्या बिनविषारी असतो आणि लोक उगाच मारतात. आख्ख्या वर्गात खरं वाचन कोण करत होतं तर हा. तक्त्यावर त्याच्यापुढे एक चांदणी. त्याची आई सभेला आली, तक्ता बघितला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, हा काहीच वाचत नाही का हो? दुसऱ्या दिवशी त्याने ते पुस्तक अर्धवटच परत ठेवलं आणि आठ पानांची तीन पुस्तकं घेऊन गेला. ते मला अजून लागतं. मी तक्ता काढला.

नंतर वाचनात आलं की यावर 1973 मध्येच अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत प्रयोग झाला होता. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी तीन ते पाच वर्षांची अशी मुलं निवडली ज्यांना मुळातच स्केचपेनने चित्रं काढायला आवडायचं. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल, काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. थोड्या दिवसांनी पेनं पुन्हा समोर ठेवली तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना अचानक मिळालं त्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. हे वाचताना माझ्या डोळ्यासमोर तो सापवाला मुलगाच आला.

तक्ता काढल्यावर पहिला आठवडा वाचन एकदम बसलं, हे पण सांगायला हवं, मुलं रुसली होती. मग मी दोन गोष्टी चालू केल्या. शेवटच्या तासाला पंधरा मिनिटं मी मोठ्याने वाचते आणि ऐन रंगात आलं की थांबते, पुस्तक टेबलावर राहतं, ज्याला राहवत नाही तो नेतो. आणि शुक्रवारी चौथीतल्या एकाने पहिलीच्या वर्गात जाऊन गोष्ट वाचून दाखवायची. वर्गात एक मुलगा जोडाक्षर आलं की अडायचा, वाच म्हटलं की मान खाली. त्याने बारा पानांचं एक पुस्तक आठ दिवस घरी घोकलं, आजीला वाचून दाखवलं आणि पहिलीत जाऊन न अडता वाचलं, पोरं म्हणाली दादा परत वाच. त्याला मी काय बक्षीस देणार होते याच्यापेक्षा मोठं?

म्हणून अडखळत वाचणाऱ्या मुलाला छोटंसं काही दिलं तर माझी हरकत नाही, त्याला वाचणं म्हणजे अजून कष्टच असतात. पण पुस्तकं मोजून देऊ नका आणि आधी कबूल करून देऊ नका. जे वाचतंय त्याला तर पैसे अजिबात नको.

आणि घरात वाचायला आहे काय हे पण बघा ना. खूप घरी पाठ्यपुस्तकं सोडली तर एक पण पुस्तक नसतं आणि मुलाला गोडी नाही म्हणतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, त्या पण फुकट. सुट्टीत महाबळेश्वर-पाचगणीला जाताच ना, तर भिलारला थांबा, 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरात बसून हवं ते वाचता येतं. गावातल्या वाचनालयात मुलाच्या नावाने कार्ड काढा, तुमच्या नावाने नको.

त्या वडिलांना मी नंतर फोन केला. म्हटलं, 20 रुपये द्यायचेच असतील तर पाच-सहा पुस्तकांचे एकदम बाजूला काढा, त्याला दुकानात न्या आणि त्याला जे हवं ते घेऊ द्या, क्रिकेटचं असो नाहीतर विनोदांचं, तोंड वाकडं करू नका. रात्री पहिली दोन पानं तुम्ही वाचून दाखवा. ते म्हणाले, मलाच वाचायची सवय नाही हो मॅडम. म्हटलं चालेल, अडलात तर त्याला विचारा. पुढच्या सभेला येतील तेव्हा कळेल काय झालं ते.