शूरीचा राग

‘ब्लॅक पँथर : वकांडा फॉरेव्हर’ आज परत पाहिला. दोन तास एक्केचाळीस मिनिटं. झोपेचं खोबरं झालंच आहे, तर लिहूनच टाकते.

पहिल्या भागात वकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाचा राजा टचाला, म्हणजेच ब्लॅक पँथर, झालेला चॅडविक बोसमन २८ ऑगस्ट २०२० ला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेला. वय ४३. निदान २०१६ चं, पण त्याने बाहेर कळू दिलं नव्हतं. त्याची भूमिका दुसऱ्या कुणाला द्यायची नाही असं ठरलं आणि दिग्दर्शक रायन कूगलरला कथाच बदलावी लागली. टचालाचं मरण पडद्यावर दिसत नाही. दिसते ती प्रयोगशाळेत ब्लॅक पँथरला शक्ती देणारी औषधी वनस्पती कृत्रिमरीत्या बनवायला धडपडणारी बहीण शूरी, आणि आत येऊन भाऊ गेल्याचं सांगणारी आई. शूरी शेवटच्या क्षणी त्याच्याजवळ नव्हती. त्याला वाचवण्याच्या नादात तेवढंच राहून गेलं. पुढची पांढऱ्या कपड्यांतली अंत्ययात्रा देखणी आहे, पण मी अडकले ती इथेच.

मधला भाग मात्र लांबलाय. सीआयएचं प्रकरण गाळलं असतं तरी काही बिघडलं नसतं. राणी, म्हणजे शूरीची आई, झालेली अँजेला बॅसेट सिंहासनावरून सेनापती ओकोयेवर कडाडते, तेव्हा कुठे सिनेमा पुन्हा जागा होतो.

नंतर समुद्राखालच्या राज्याचा राजा नेमोर याच्या हल्ल्यात आईही बुडून जाते. शूरी ती वनस्पती पिते आणि पूर्वजांच्या जगात पोचते. पहिल्या भागात टचालाला तिथे वडील भेटले होते, म्हणून आपणही आईची वाट बघतो. समोर बसलेला असतो किलमाँगर! सूडाने पेटलेला चुलतभाऊ. शुद्धीवर आल्यावर ती सांगते, कुणीच दिसलं नाही. हे खोटं मला फार खरं वाटलं. माणूस गेल्यावर आपण रडतो ते सगळ्यांना दिसतं, पण आत जो संताप धुमसत असतो त्याचं नाव घ्यायची लाज वाटते. नेमोरही त्यातलाच. स्वतःच्या आईला तिच्या मातीत पुरायला जमिनीवर आला आणि तिथली गुलामगिरी बघून सगळं पेटवून गेला. म्हणून शेवटी शूरीचा भाला त्याच्या गळ्याशी थांबतो, ते पटतं.

श्रेयनामावलीच्या मधेच हैतीतला टचालाचा मुलगा समोर येतो. गोड आहे पोर, पण वारसा म्हटलं की मुलगाच हवा का? शूरीने ब्लॅक पँथरचा पोशाख घेतला आणि सिंहासनावर दावा सांगायला जबारी टोळीचा प्रमुख एमबाकू याला जाऊ दिलं. मला तेवढ्यावर संपलेला चालला असता.