डेट्रॉइटचे ते दोन सामने

अमेरिकन बेसबॉलच्या २०२० च्या हंगामाचा गुणतक्ता पुन्हा उघडला आणि नजर नेहमीच्याच जागी अडकली. आमचे सेंट लुईस कार्डिनल्स ३०-२८ (३० विजय, २८ पराभव), त्यांच्याखाली सिनसिनाटी रेड्स ३१-२९. एक विजय जास्त असूनही रेड्स खाली, कारण क्रम लागतो विजयाच्या टक्केवारीवर. ३० भागिले ५८ म्हणजे ०.५१७२; ३१ भागिले ६० म्हणजे ०.५१६७. छापताना दोन्हीकडे ०.५१७ च.

आमचे डेट्रॉइटविरुद्धचे दोन सामने राहूनच गेले. बाद फेरीत जाण्यासाठी गरज पडली तरच ते सोमवारी खेळायचे होते, पण रविवारी मिलवॉकी ब्रुअर्सना हरवलं आणि गरज उरली नाही. दोन्ही जिंकलो असतो तर ३२-२८, कुणी बोट ठेवलं नसतं. दोन्ही हरलो असतो तर ३०-३०, आणि रेड्स वर. तरी मला ते सामने हवे होते. करोनामुळे हंगामाच्या १६२ सामन्यांचे आधीच ६० झालेले, त्यातही आपल्याच वाट्याला ५८ का?

का ते माहीत आहे, तरी सल जात नाही. पाच सामने होतात न होतात तोच संघात करोना शिरला आणि सगळे मिलवॉकीच्या हॉटेलात अडकले. १५ ऑगस्टला पुन्हा मैदानात उतरायचं म्हणून ४१ भाड्याच्या गाड्या करून, प्रत्येक जण वेगळ्या गाडीत, शिकागोला गेले. पुढच्या ४४ दिवसांत ५३ सामने, त्यात अकरा डबलहेडर, म्हणजे एकाच दिवशी दोन सामने. डबलहेडरचे सामने नऊऐवजी सात-सात इनिंगचे केले होते, म्हणजे दिवसाला अठराऐवजी चौदा इनिंग. पण स्टार्टर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारे पिचर (चेंडू टाकणारे), मात्र दोन खर्ची पडतात. पाच जणांची पाळी मोडते, रिलीव्हर, म्हणजे त्यांच्या जागी येणारे पिचर, लवकर आणावे लागतात, आणि आज दमलेला हात उद्या मिळत नाही. सवलत एवढीच, की २८ जणांच्या संघाच्या जोडीला त्या दिवसापुरता एक जादा खेळाडू.

म्हणून ३० ऑगस्ट मला एवढा मोलाचा वाटतो. आमचा स्टार्टर वेनराइट याने एकोणचाळिसाव्या वाढदिवशी क्लीव्हलंडविरुद्ध नऊच्या नऊ इनिंग टाकल्या, ७-२ ने जिंकून दिलं. अख्ख्या बुलपेनला, म्हणजे सगळ्या रिलीव्हरना, सुट्टी! हे आठवलं की टक्केवारीचा राग जरा निवळतो. विभागात पहिल्या आलेल्या शिकागो कब्सच्या मागे आम्ही आणि रेड्स, दोघेही तीनच सामने होतो. सामने कमी-जास्त झाले की क्रम लावायला टक्केवारीच लागणार, हे पटतं.

कार्डिनल्सचा जुना महान पिचर बॉब गिब्सन वारला तो दिवस, २ ऑक्टोबर. त्याच रात्री सॅन डिएगो पाद्रेसनी आम्हाला ४-० ने बाद फेरीतून बाहेर काढलं. त्यावर आज नको.

आमचा पिचर किम, त्याचा मात्र हिशेब लागत नाही. हंगामाच्या पहिल्या सामन्यात शेवटची इनिंग टाकणारा हा माणूस पुढे स्टार्टर झाला, ३९ इनिंगमध्ये ईआरए (पिचरच्या खात्यावरच्या धावांची नऊ इनिंगमागची सरासरी, कमी तितकी चांगली) १.६२. गिब्सनचा १९६८ चा १.१२ तीनशेहून जास्त इनिंगमधला. त्याच्या शेजारी हा आकडा मी मांडणार नाही. पण कमी इनिंगचा म्हणून कुणी तो पुसायला निघालं, तर भांडेन.