विंडोज १० नंतर आमच्या डीटीपीच्या कामाचं काय केलं

ठाण्याच्या नौपाड्यात घराच्या पुढच्या खोलीत माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावण्याचं काम चालतं. शाळांच्या स्मरणिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, एखादा काव्यसंग्रह, आणि पावसाळा सुरू झाला की दिवाळी अंकांची पानं. संगणक तीन. एक नवा, विंडोज ११ घेऊनच आलेला. बाकीचे दोन चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हचे, म्हणजे २०१४ च्या सुमाराचे. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्यापासून ते आजही झपाझप चालतात. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित अपडेट थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. माझे दोन्ही जुने संगणक त्या अटीत बसत नव्हते.

एका वर्षाची मुदतवाढ मिळते, हे खरं. घरच्या संगणकांसाठी ठेवलेली ईएसयू योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट देते. त्यासाठी ३० डॉलर भरायचे, किंवा सेटिंग्ज आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवायच्या. ऐन दिवाळी अंकांच्या घाईत मी तोच मार्ग धरला आणि पुढचा विचार दिवाळीनंतरवर टाकला. अट चुकवून विंडोज ११ बसवता येतं, असंही काहींनी सुचवलं. तशा संगणकाला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. माझ्याकडे लोकांच्या न छापलेल्या कविता असतात, पत्रिकांसाठी आलेले घरचे फोटो आणि पत्ते असतात. ते अशा यंत्रावर ठेवायला माझं मन तयार होईना.

मग ओळखीच्या लोकांना विचारायला लागले. भाचा ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये कामाला आहे, दिवसभर लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर असतो. मिंट हा त्याचाच एक प्रकार. तो म्हणाला, “मावशी, मिंट टाक आणि विसरून जा. अपडेट कधी करायचं ते तू ठरवशील, संगणक नाही.” आमच्या इमारतीतले सीए एका वाक्यात मोकळे झाले: “मॅडम, टॅली विंडोजवर चालतं, माझा प्रश्न तिथेच संपतो.” मुखपृष्ठं करणारी माझी मैत्रीण बरीच वर्षं मॅकवर काम करते. ती म्हणते, “पडद्यावरचा रंग आणि छापून आलेला रंग यांतलं अंतर मला मॅकवर कळतं. बाकी कशावर डोळा बसत नाही माझा.” आणि टायपिंग करणाऱ्या आमच्या काकूंनी तर ऑपरेटिंग सिस्टीमचं नावच घेतलं नाही. “अगं, काहीही आण. माझी बोटं जिथे आहेत तिथे अक्षर आलं पाहिजे.”

ही सगळी मतं मी वहीत लिहून काढली. पुन्हा वाचल्यावर लक्षात आलं की प्रत्येक जण आपल्या रोजच्या कामाबद्दल बोलतोय, आणि तेवढ्यापुरता प्रत्येक जण बरोबर आहे. भाच्याला मराठी पान लावायचं नसतं, सीएंना वेलांटी तपासायची नसते. काकूंचं मत मला सगळ्यांत मोलाचं वाटलं, कारण त्यात कसोटी होती. तशीच एक कसोटी कामासाठी आधी बनवायची आणि मग सिस्टीम निवडायची, असं ठरवलं.

कसोटी म्हणून एक पान तयार केलं. त्यात मुद्दाम अडचणीची अक्षरं घातली. दऱ्याखोऱ्या, आचारी-आचाऱ्यांना आणि आचार्य-आचार्यांना, म्हणजे डोळ्यावरच्या पापणीसारखा वळलेला अर्धा र आणि रफार, दोन्ही. ‘ॲ’, जो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आला. ट्ट, ड्ढ, ङ्क यांसारखी एकाखाली एक बसणारी जोडाक्षरं. आणि मराठी पद्धतीचे पाकळीचा ल आणि देठाचा श. हे आकार ठरवणारा मराठी वर्णमालेबद्दलचा राज्य सरकारचा आदेश ६ नोव्हेंबर २००९ ला निघाला, पण संगणकावर हे दोन अक्षराकार सहज मिळत नाहीत. फॉन्टात त्यांची सोय लागते आणि मजकुराची भाषा हिंदी नव्हे, मराठी अशी सांगावी लागते.

हेच पान विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा तिन्हीकडे लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. विंडोजवर आधी मंगल फॉन्टात पाहिलं. तो र. कृ. जोशींनी घडवलेला, आणि मराठी युनिकोडची पहिली ओळख आपल्यातल्या अनेकांना त्यानेच करून दिली. मॅकवर कोहिनूर देवनागरी, लिनक्सवर नोटो आणि लोहित. अक्षरं तिन्हीकडे शुद्ध जुळली, पण ओळी तिन्हीकडे वेगवेगळ्या जागी तुटल्या आणि एका पानाचं कुठे सव्वा पान झालं. हा फरक सिस्टीमचा नाही, फॉन्टचा आहे. ‘एक टाइप’ या मुंबईच्या गटाचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट कोणालाही वापरता येईल अशा खुल्या परवान्याचा आहे. तो तिन्हीकडे बसवला आणि पान सगळीकडे एकसारखं दिसलं. लिब्रेऑफिस २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून तिन्ही सिस्टीमवर अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हेच इंजिन वापरतं, म्हणून हे शक्य होतं. “लिनक्सवर मराठी फुटतं” ही तक्रार मी कित्येक वर्षं ऐकत आले आहे. ती कधीकाळी खरी होती, आता माझ्या या पानापुरती तरी नाही.

मॅकचा विचार मी मनापासून केला. मैत्रिणीकडे एक आख्खी दुपार बसून काम करून पाहिलं. पडदा सुंदर आहे, पीडीएफ तपासायला वेगळं काही लागत नाही आणि इनडिझाइन हे अडोबीचं पानं लावायचं सॉफ्टवेअर तिथे चालतं. ॲपलच्या छोट्या मॅक मिनीचं नवं मॉडेल २०२४ अखेर आलं तेव्हा ५९,९०० रुपयांपासून होतं, शिवाय चांगला मॉनिटर वेगळा. चित्रांचं काम करणाऱ्याने तो खर्च जरूर करावा. आमच्याकडे दहा पानांत नऊ मजकुराची असतात. आणखी एक गोष्ट: यंत्र चांगलं असूनही मागे पडणं तिथेही आहे. मॅकच्या सिस्टीमची टाहो ही इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असेल, असं ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केलं आहे.

लिनक्स मिंट बसवणं या सगळ्यात सर्वांत सोपं गेलं. पेन ड्राइव्हवर मिंट २२.२ घेतलं आणि संगणक त्यावरून सुरू केला. डिस्कला हात न लावता सिस्टीम तशीच चालवून पाहता येते, ही सोय मला फार आवडली. निर्णय घेण्याआधी काकूंनी त्यावर खरं काम केलं. सगळा साठा बाहेरच्या डिस्कवर दोनदा उतरवला आणि मगच जुनी विंडोज पुसली. बसवायला एका चहाइतका वेळ लागला. स्कॅनर जोडताक्षणी चालला. जुना लेझर प्रिंटर मात्र गप्प. त्या कंपनीचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर वेगळा उतरवून घ्यावा लागला आणि त्यात एक संध्याकाळ गेली. जुना प्रिंटर असणाऱ्याने पेन ड्राइव्हवर चालवून पाहतानाच प्रिंट काढून बघावी. मिंटच्या या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, त्यामुळे त्या संगणकापुरता घोर मिटला.

खरं काम होतं कीबोर्डचं. काकू मराठी टंकलेखनाची मिनिटाला ४० शब्दांची परीक्षा दिलेल्या, टाइपरायटरवर शिकलेल्या. इनस्क्रिप्ट (सरकारी प्रमाण कीबोर्ड) शिका, फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी कळा दाबायचा) शिका, असं त्यांना सांगणं मला पटत नाही. त्यांचा वेग हे आमच्या कार्यालयाचं भांडवल आहे, आणि त्यांचा स्वतःचा अभिमानही. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, इनस्क्रिप्ट तर त्याच्याही आधीपासून. पण टाइपरायटरच्या रचनेसाठी आम्ही वेगळं सॉफ्टवेअर वापरत होतो आणि ते फक्त विंडोजवर चालतं. मिंटवर आयबस ही कीबोर्ड बदलण्याची सोय आणि तिचा एम-सेव्हनटीन-एन हा संच घातला की भारतीय भाषांच्या बऱ्याच रचना मिळतात. रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरची रचना, त्यांत आहे. ती काकूंच्या बोटांशी बरीचशी जुळली, पूर्ण नाही. काही कळा इकडच्या तिकडे होत्या.

इथे भाच्याचा खरा उपयोग झाला. त्या संचातली प्रत्येक रचना म्हणजे साधी मजकुराची फाइल असते. कोणती कळ दाबली की कोणतं अक्षर, एवढंच तिच्यात लिहिलेलं. रविवारी तो आला आणि काकूंच्या शेजारी बसला. काकू त्यांच्या सवयीने टाइप करत गेल्या, चुकीचं अक्षर आलं की थांबल्या, त्याने फाइलमधली ती ओळ बदलली. ऱ्या साठी त्यांना सवयीची कळ मिळाली, ॲ साठी एक नवी जागा त्यांनीच निवडली. विंडोजवरही असा कीबोर्ड बनवता येतो, मायक्रोसॉफ्टचंच त्यासाठी साधन आहे. पण इथे कोणाची परवानगी, कोणती विशेष फाइल, काही लागलं नाही. एका टायपिस्टच्या हातांसाठी सिस्टीम वाकवता आली, याचा मला झालेला आनंद मोठा आहे. काकूंनी त्या रविवारी संध्याकाळी एका अहवालाची पानं सलग टाइप केली आणि मान वर करून एवढंच म्हणाल्या, “जमतंय गं.”

जुन्या फायलींचा प्रश्न मात्र कुठल्याही सिस्टीमने सुटत नाही. आमचं पंधरा-वीस वर्षांचं काम युनिकोडपूर्व फॉन्टांत आहे. हे फॉन्ट लिनक्सवर टाकले की मजकूर दिसतो, छापताही येतो. पण आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरांच्या जागा बळकावलेली चिन्हं. म्हणून शोध चालत नाही आणि मजकूर ईमेलमध्ये चिकटवला तर नुसती चिन्हांची खिचडी येते. युनिकोडमध्ये बदलताना सगळ्यांत जास्त गोंधळ पहिल्या वेलांटीचा आणि रफाराचा होतो. जुन्या पद्धतीत ‘कि’ मधली वेलांटी डोळ्याला दिसते तशी क च्या आधी साठवलेली, युनिकोडमध्ये ती क च्या नंतर. रफार उलटा: ‘सूर्य’ मधला रफार जुन्या फॉन्टात य नंतर, युनिकोडमध्ये र् आधी आणि मग य. ‘मूर्ती’, ‘आर्थिक’ असे शब्द आले की रूपांतर करणारी साधनं अडखळतात. म्हणून रूपांतर झालेलं प्रत्येक पान आम्ही मुद्रितशोधनासारखंच वाचतो, आणि त्याचा वेळ ग्राहकाला आधीच सांगतो.

राहिला छपाईचा मुद्दा. वागळे इस्टेटमधले आमचे प्रेसवाले सुरुवातीलाच म्हणाले होते, “तुम्ही कशावर करता ते मला नको, काळा मजकूर काळ्याच प्लेटवर आला पाहिजे.” यातच सगळं आलं. लिब्रेऑफिसची पीडीएफ आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत निघते. ती तशीच छपाईच्या चार रंगांत (सीएमवायके, प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट) बदलली गेली तर साधा काळा मजकूर चारही प्लेटांवर फुटू शकतो आणि प्लेट केसभर जरी सरकली तरी बारीक अक्षराच्या कडा रंगीत दिसतात. विंडोजवर वर्डमधून पीडीएफ काढणाऱ्यालाही हाच त्रास आहे. मिंटवर यासाठी स्क्रायबस हे पानं लावायचं मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहिलं. पूर्वीच्या स्थिर आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं जुळत नव्हती, २०२४ च्या जानेवारीत आलेल्या १.६ मध्ये ती जुळतात, आणि सीएमवायके पीडीएफ व्यवस्थित निघते. एका सोसायटीचा अहवाल त्यातून छापून आणला, काळा मजकूर एकाच प्लेटवर आला. मोठ्या दिवाळी अंकासाठी मात्र मी अजून इनडिझाइनच वापरते. अडोबी ते लिनक्ससाठी देत नाही, आणि तळटीपा, शैली, अनुक्रमणिका यांवर माझा हात तिथे बसलेला आहे.

सध्या मांडणी अशी आहे. नव्या संगणकावर विंडोज ११ आणि इनडिझाइन, तो माझा. काकूंचा मिंटवर, त्यांच्या स्वतःच्या कीबोर्डसह. दुसरा जुना संगणक विंडोज १० वरच ठेवलाय, इंटरनेटची केबल काढून. जुनं टायपिंग सॉफ्टवेअर आणि जुने फॉन्ट तिथे आहेत, आणि रूपांतराचं काम तिथूनच चालतं. फायली पेन ड्राइव्हने इकडे येतात. नवीन खरेदी शून्य. पावसाळ्याआधी स्मरणिकांचा सगळा साठा युनिकोडमध्ये आणायचा आहे, कारण दोन शाळांना या वर्षी जुने लेख पुन्हा छापायचे आहेत. सध्या काकू आणि मी रोज दुपारी जेवणानंतर पंधरा-वीस पानं वाचून काढतो, एकीने मोठ्याने वाचायचं आणि दुसरीने पडद्यावर रफार आणि वेलांट्या बघायच्या.