तुम्ही विचारलंत म्हणून: काचेची गोटी तयार आहे, मग आज का देत नाही?

"गोल झालीय, आतली नक्षी दिसतेय, मग आजच का देत नाही?" प्रत्येक वेळी "उद्या या" एवढंच सांगते आणि समोरच्याला वाटतं, उगाच ताटकळत ठेवतेय. म्हणून एकदाच नीट लिहिते.

ज्योतीवरचं काम तुम्ही पाहिलेलं आहे. 25 मिमीच्या गोटीला 12 मिमी जाडीच्या बोरोसिलिकेट (उष्णतेने कमी फुगणाऱ्या) काचेच्या कांडीचा सव्वासात सेंटिमीटर तुकडा लागतो, वजन भरतं सुमारे 18 ग्रॅम. ग्रॅफाइटची वाटी आधी तापवलेली हवी, नाहीतर काचेवर सुरकुत्या पडतात. वाटी अर्ध्या गोलापेक्षा उथळ असते. तिच्यात गोळा नुसता ठेवून गोलाई येत नाही, फिरवण्याचा आस सतत बदलावा लागतो. पहिल्या कांडीचा व्रण मिटवायला गोटी उलट बाजूने दुसऱ्या कांडीवर घ्यायची. ही कांडी गोटीपेक्षा थोडी थंड असताना टेकवायची, म्हणजे सांधा पकडतो पण आत रुतत नाही आणि शेवटी एका टिचकीत सुटतो. हे सगळं सरावाने जमतं. तुम्ही ज्याचं कौतुक करता ते हेच, आणि खरं सांगायचं तर यात गोटी क्वचितच हातची जाते.

जाते ती नंतर, थंड होताना.

गोटी ज्योतीबाहेर आली की वरचा थर आधी निवतो आणि घट्ट होतो. गाभा अजून मऊ असतो. मग गाभा निवू लागतो, त्याला आकसायचं असतं, पण वरचं कवच आता हलत नाही. ही ओढाताण काचेत कायमची अडकते: बाहेर दाब, आत ताण. बाहेरच्या दाबामुळेच अशी गोटी काही काळ चांगली मजबूत वाटते, आणि नेमकी तिथेच फसगत होते. आतल्या ताणाच्या भागात एखादा बुडबुडा किंवा रंगाचा खडा असला, किंवा वरचा ओरखडा तिथवर पोचला, की ती तडकते. लगेचच तडकेल असंही नाही. तुमच्या हातात तुकडे येऊ नयेत म्हणून मी थांबवते.

ही ओढाताण आत अडकून राहू नये म्हणून भट्टी आधीच 565 अंश सेल्सिअसला आणून ठेवते (बोरोसिलिकेटसाठी, सोडा-लाइम काचेला याहून कमी लागतं). गोटीची लाली मावळेपर्यंत ती मंद ज्योतीत फिरवत ठेवायची, मग आत सोडायची. फार गरम सोडली तर तळाला चपटी होते आणि भट्टीच्या फरशीचा ठसा उमटतो. फार निवलेली असली तर आत जाण्याआधीच चीर पडते. पुढे 25 मिमीसाठी 565 ला एक तास, मग तासाला 60 अंशांनी 480 पर्यंत, म्हणजे जवळजवळ दीड तास. त्यानंतर भट्टी बंद, दार मात्र उघडायचं नाही. आतलं तापमान 50 च्या खाली यायला रात्र जाते. लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे 50 मिमीच्या गोटीला दुप्पट नाही, चौपट वेळ.

इतकं करूनही चीर गेली तर ती वाचावी लागते. रंगाच्या रेषेला बिलगून गेलेली चीर म्हणजे दोन काचांचं प्रसरण जुळत नव्हतं. 33 प्रसरणांकाच्या (तापल्यावर काच किती फुगते, त्याचा आकडा) बोरोसिलिकेटमध्ये 104 च्या मऊ काचेचा धागा गेला, तर तो तिपटीहून जास्त आकसतो. तिथे कुठलीही भट्टी काही करू शकत नाही. चूक कांडी उचलतानाच झालेली असते. रंगाची पर्वा न करता चीर आरपार वळत गेली असेल तर दोष निववण्याचा, म्हणजे माझा.

पूर्वी मीच म्हणायचे, की 16 मिमीपर्यंतच्या गोट्या तापवलेल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये (उष्णता धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजाच्या दाण्यांत) पुरल्या तरी पुरे. आज म्हणणार नाही. त्यात काच सावकाश निवते खरी, पण एका तापमानाला स्थिर राहत नाही. तरीही, तशा निववलेल्या पुष्कळ गोट्या अजून शाबूत आहेत, हे मी नाकारू शकत नाही. "मग तेव्हा चुकत होतं का?" याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही.

तपासता येतं का? येतं. एकमेकांना आडवे धरलेले दोन पोलरायझिंग फिल्टर (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड जाऊ देणारे) घ्यायचे, मध्ये ग्लिसरीनच्या भांड्यात गोटी बुडवायची. ग्लिसरीनचा आणि बोरोसिलिकेटचा अपवर्तनांक (उजेड किती वळतो, त्याचा आकडा) 1.47 च्या आसपास, जवळजवळ सारखाच, त्यामुळे गोटीची कड दिसेनाशी होते आणि आत ताण असेल तर तेवढाच भाग उजळतो. पारदर्शक गोटीबद्दल मी त्यावर विसंबते. अपारदर्शक रंगाने भरलेल्या गोटीतून मात्र उजेडच जात नाही, ती फिल्टरमध्ये काळीच राहते. अशी गोटी मागितलीत तर उद्याही देणार नाही. आठवडाभर फडताळावर ठेवते, रोज उजेडात फिरवून बघते, आणि मग देते.